ग्लायडर उतरताना का पडतो?

कामगार चळवळीतल्या माणसाने ग्लायडरविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. लहानपणी हडपसरला कुंपणाला सायकल टेकवून आम्ही ग्लायडर पाहत असू. विंचच्या दोराने ते वर खेचले जात, दोर सुटे, आणि मग ते आवाज न करता आभाळात फिरत. इंजिन नसताना हे खाली नीट येतात कसे, हे कोडे तेव्हापासून मनात होते. पुढे कारखान्यांतल्या अपघातांच्या चौकश्या आमच्या वाट्याला आल्या, तेव्हा ते कोडे आम्ही पुन्हा हाती घेतले.

ग्लायडर उंची खर्च करतो आणि तिच्या मोबदल्यात वेग व अंतर मिळवतो. चांगला ग्लायडर १ मीटर खाली येईपर्यंत ३० ते ४० मीटर पुढे जातो. इंजिनाच्या विमानाचे उतरणे चुकले तर वैमानिक पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी घेऊ शकतो. ग्लायडरला ती सवलत नाही. उंची हीच त्याची शिल्लक. ज्याच्या घरी महिन्याचे धान्य आहे तो संपात शांत डोक्याने वाटाघाट करतो. ज्याचा डबा रिकामा आहे तो घाईत सही करतो. उतरणीच्या अपघातांचे मूळ बहुधा अशाच घाईत सापडते.

आता पंखाचे गणित पाहू. पंख हवेला ठराविक कोनात कापतो म्हणून उचल मिळते. हा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की पंखावरची हवा सुटते आणि उचल एकदम कमी होते. याला स्टॉल म्हणतात. वेग कमी झाला की वैमानिक नाक वर धरून ठेवू पाहतो, कोन वाढतो, आणि नेमके हेच घडते. वळताना तर पंखावर भार वाढतो. सरळ उडताना ज्या ग्लायडरचा स्टॉल ताशी ६० किलोमीटरला होतो, त्याचा ३० अंश कलून वळताना सुमारे ६४ ला, ४५ अंशांना ७१ ला आणि ६० अंशांना ८५ ला होतो. म्हणजे सरळ उडताना पुरेसा असलेला वेग वळणात अपुरा पडतो.

उतरण्यापूर्वी ग्लायडर धावपट्टीच्या बाजूने वारा पाठीशी घेऊन जातो, मग आडवा वळतो, आणि शेवटच्या वळणाने पट्टीसमोर येतो. समजा, वैमानिकाला उशीर झाला आणि उंची कमी उरली. पाठच्या वाऱ्यामुळे जमीन भराभर मागे पळते, म्हणून आपला वेग भरपूर आहे असे त्याला वाटते आणि तो वेग आणखी उतरवतो. शेवटच्या वळणात ग्लायडर पट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागतो. जमीन जवळ असल्याने जास्त कलण्याची भीती वाटते. म्हणून तो पायाने रडर दाबून नाक पट्टीकडे ओढतो. त्याने आतला पंख आणखी मंदावतो, तोच आधी स्टॉल होतो, आणि ग्लायडर त्या बाजूला कोसळत गिरकी घेतो. घाबरून दांडी मागे ओढली की स्थिती अधिकच बिघडते. हीच गिरकी उंचावर असती तर सोडवता आली असती. इथे तेवढी जागाच उरलेली नसते.

दुसरा शत्रू वारा. झाडे, घरे, उंचवटे यांच्या घर्षणाने जमिनीजवळ वारा मंद असतो. समोरच्या जोरदार वाऱ्यातून ग्लायडर त्या मंद थरात उतरला की त्याचा हवेतला वेग अचानक घटतो. म्हणून वारा असेल त्या दिवशी अधिक वेगाने उतरावे, असे शिकवतात.

उपाय साधा आहे: उंची जास्त ठेवावी. जास्त उंची मोडता येते. कमी पडलेली उसनी मिळत नाही. पंखावरचे एअरब्रेक अर्धे उघडून यावे, म्हणजे उतार गरजेप्रमाणे कमी किंवा जास्त करता येतो. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ चे इंधन हवेतच संपले. कप्तान रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर चालवणारे होते. गिमली येथील जुन्या विमानतळाशी ते पोहोचले तेव्हा उंची जास्त होती. त्यांनी विमान तिरके करून ती मोडली आणि विमानातले सर्व ६९ जण वाचले.

आता आमच्या अनुभवाचे एक सांगतो. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर पाळीच्या शेवटी एका कामगाराची तीन बोटे गेली. अहवालात कारण एका शब्दात लिहिले होते: निष्काळजीपणा. आम्ही प्रेस पाहिला. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून त्याला दोन बटणे होती, आणि त्यांतले एक तारेने बांधून ठेवले होते. उत्पादनाचा आकडा गाठायचा तर तार हवीच, हे त्या शेडमध्ये सर्वांना ठाऊक होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राला संरक्षक कठडा सक्तीचा केला होता. पण कायदा कागदावर होता आणि तार प्रेसवर होती.

ग्लायडर पडला की 'वैमानिकाची चूक' असे लिहून मोकळे होणे तितकेच सोपे आहे. परंतु विमान-अपघातांच्या चौकशीचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९५१ साली स्वीकारले गेले, त्यांत आज स्पष्ट म्हटले आहे की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नव्हे. म्हणून तिथे विचारतात: उशीर का झाला? उंची कुठे खर्च झाली? वळण त्याला कसे शिकवले होते? या उत्तरांतून शिकवण्याची रीत बदलते आणि पुढचा विद्यार्थी वाचतो.

ज्याचा हात गेला त्यालाही हेच प्रश्न विचारले जावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. चूक माणसाच्या हातून होते हे खरे. पण ती पचवण्याइतकी शिल्लक त्याच्याजवळ ठेवली होती की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.