रोषणाईसाठी कॉम्प्युटर कोणता घ्यावा?
वर्गणीचा पैसा पेटीत घालायचा की तारेत, मुळशीतल्या एका मंडळापुढचा प्रश्न

पौडच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात यंदा आषाढातच गणेश मंडळाची बैठक झाली. भाताची लावणी ऐन भरात होती, त्यामुळे रात्री साडेनऊला मारुतीच्या देवळात माणसे जमली. विषय एकच होता. या वर्षी गाण्याच्या ठेक्यावर चालणारी रोषणाई करायची आणि ती चालवायला कॉम्प्युटर घ्यायचा. गावातली दोन पोरे हिंजवडीला कामाला जातात. त्यांनी शहरातल्या एका दुकानातून कोटेशन आणले होते. आकडा होता एक लाख पंधरा हजार. काचेची पेटी, आत लाल-निळे दिवे, मोठे ग्राफिक कार्ड. आकडा ऐकून जरा वेळ कोणी बोलेना. मग खांबाला टेकून बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "आरं, दिवं पेटीत लावायचं का मांडवाला?"

सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. मंडळाकडे जमणारी वर्गणी दोन लाखांच्या आतबाहेर. त्यातली निम्मी कॉम्प्युटरला गेली तर दिवे, तारा, मांडव, प्रसाद कशातून करायचे? तालुक्यातल्या बऱ्याच मंडळांपुढे आणि यात्रा समित्यांपुढे आज हाच पेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे बाबा जुने वायरमन. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी गावात 'रोलर' फिरवला होता. लाकडी ढोल, त्यावर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, खाली टेकलेल्या पितळी पात्या आणि ढोल फिरवायला एक छोटी मोटर. पट्टी पातीला लागली की ती माळ पेटायची, सुटली की विझायची. पट्ट्या कशा ठोकल्या त्यावर दिवे पळायचे, चक्र फिरायचे, मोर पिसारा फुलवायचा. माळेत सहा व्होल्टचे चाळीसएक दिवे ओळीने जोडलेले, म्हणजे घरच्या २३० व्होल्टवर बरोबर बसत. त्यातला एक गेला की अख्खी माळ आंधळी. पुढे रोलर जाऊन छोट्या आयसीचे चेसर आले, पण काम तेच राहिले.

(विजेचे नाव निघाले की मुळशीकराला एक गोष्ट आठवतेच. सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा. धरण झाले, भिऱ्याचे वीजघर १९२७ ला सुरू झाले, मुंबई उजळली आणि धरणाच्या काठच्या वाड्यांत दिवा यायला पुढे फार काळ गेला. इथल्या माणसाला रोषणाईची हौस जरा जास्त असली तर नवल नाही.)

आता बाजारात जे 'पिक्सेल' दिवे मिळतात, त्यांत प्रत्येक दिव्यामागे स्वतःची चिप असते. हजार दिव्यांच्या माळेत सातशे बारावा दिवा तेवढा हिरवा कर, असे सांगता येते. हा हुकूम एका डाटाच्या तारेतून जातो. पहिला दिवा आपला हुकूम ठेवून घेतो, बाकीचे पुढच्याला देतो. मधली एक चिप गेली की पुढचे सगळे दिवे बिघडतात. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "मंजी आमच्या माळंवाणीच की!" ते खरेच आहे.

पट्ट्या ठोकणे वेगळे, ढोल फिरवणे वेगळे

बैठकीत मी एवढेच सांगितले, की रोलरमध्ये अक्कल लागायची ती पट्ट्या ठोकताना. एकदा ठोकल्या की ढोल फिरवायला शिलाई मशीनची मोटरही चालायची. पिक्सेलचेही तसेच आहे. कार्यक्रम बसवणे हे एक काम आणि उत्सवात रोज रात्री तो चालवणे हे दुसरे. दोन्हींसाठी एकच भारी कॉम्प्युटर लागतो हा समज दुकानदाराच्या फायद्याचा आहे.

चालवण्याचे ओझे किती, ते हिशेबानेच पाहू. एका दिव्याचे रंग तीन (लाल, हिरवा, निळा), म्हणजे तीन बाइट. हजार दिव्यांना तीन हजार. चित्र सेकंदाला वीस वेळा बदलायचे म्हटले तर सेकंदाला साठ हजार बाइट. पाच मिनिटांच्या गाण्याला अठरा एमबी. आपल्या मोबाईलमधले चार-पाच फोटो मिळून तेवढे होतात. एवढी माहिती पाठवायला काचेची पेटी कशाला? तळहाताएवढा रास्पबेरी पाय हे काम करतो. त्यावर 'फाल्कन प्लेअर' नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालायची. गाणेही तोच वाजवतो, दिवेही तोच हलवतो आणि वेळापत्रक लावून दिले की संध्याकाळी सात वाजता आपोआप सुरू होतो.

बाजारात मेमरी कार्डावर चालणारे स्वस्त कंट्रोलरही मिळतात. मांडवाच्या कमानीवर रंग फिरत ठेवायचे असतील तर ते उत्तम आणि पुरेसे आहेत. मात्र गाण्याशी जुळवायचे असेल तर त्यांच्या नादी लागू नये. कार्ड आपल्या घड्याळाने चालते, गाणे दुसरीकडे आपल्या घड्याळाने. सुरुवात हाताने जुळवली तरी मागेपुढे होतेच. वीज क्षणभर गेली की कार्ड पहिल्यापासून सुरू होते आणि गाणे मात्र कडव्यात असते. गाणे आणि दिवे एकाच यंत्रातून निघाले पाहिजेत.

बसवण्यासाठी मात्र बरा कॉम्प्युटर लागतो. 'एक्सलाइट्स' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. पडद्यावर मांडवाचे चित्र काढायचे, दिवे कुठे आहेत ते मांडायचे आणि गाण्याच्या पट्टीवर काय कधी पेटेल ते भरत जायचे. हजार-दोन हजार दिव्यांसाठी आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो. चार जीबीवर तो रडतो. वेगळे ग्राफिक कार्ड या बेताला लागत नाही. दहा हजार दिव्यांवर गेलात तर पुन्हा विचार करा.

जुना लॅपटॉप घेताना

हिंजवडीच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप पुण्यात भरपूर मिळतात. घेताना बैल पारखतो तसे पारखावे. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे का ते पाहा. त्याखालच्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटरनेटला न जोडता फक्त रोषणाईला वापरणार असाल तर जुने चालेल, पण मग त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

दुसरे म्हणजे दुकानातच मशीन नव्याने फॉरमॅट करून, इंटरनेटला जोडून दाखवायला सांगा. सुरू होताना जुन्या कंपनीचे नाव दाखवून लॉगिन मागत असेल तर ते मशीन कितीही स्वस्त असले तरी सोडून द्या. लॅनची खाच आहे का पाहा, नसेल तर यूएसबीचा जोड मिळतो. बॅटरी अर्धा तास तरी तग धरते का ते बघा. पक्के बिल घ्या. मंडळाच्या हिशेबाला ते लागतेच.

काही गावांत पोरे लॅपटॉपवरूनच उत्सवात कार्यक्रम चालवतात. चालतो, नाही असे नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका गावात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. आरती संपली, मांडवासमोर चार-पाचशे माणूस उभे, गाणे सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्याला पडद्यावर अपडेटचे चक्र फिरू लागले. तब्बल पंचवीस मिनिटे! बायामाणसे लेकरांना घेऊन घरी गेली. लॅपटॉप वापरायचाच असेल तर उत्सवाच्या आधी सगळी अपडेट करून घ्या, मग इंटरनेट तोडा. झोपी जाणे, पडदा बंद होणे, सूचनांचे आवाज हे सगळे बंद करून टाका.

गर्दीत वाय-फायवर विसंबू नये. हजार मोबाईल खिशात असतात, त्या कल्लोळात आपला संदेश हरवतो. लॅनची तार शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते. तसेच गाणे ॲम्प्लिफायरला तारेनेच द्या. ब्लूटूथने आवाज थोडा मागून येतो. तेवढ्या फरकाने टाळी आणि दिवा यांची ताटातूट होते आणि पोरे बिचारी कार्यक्रमात चूक शोधत बसतात.

ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर

बैठकीत एकाने तोडगा काढला, "पंचायतीचा कॉम्प्युटर दहा दिवस आणू. कोण विचारतंय?" सरपंचांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, दहा दिवस कोणाचा दाखला अडला तर मी काय उत्तर देऊ? पेनड्राइव्हमधून काही शिरलं तर नोंदी कोण आणून देणार?" विषय तिथेच मिटला. माझेही मत तेच. उत्सव गावाचा असला तरी दाखले, कर आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचे मशीन मांडवात नेऊ नये, आणि सरपंचांनी भिडेखातर हो म्हणू नये.

पैसा खरा लागतो तो इथे

पाच व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ०.३ वॅट घेतो. हजार दिवे म्हणजे ३०० वॅट. पूर्वीचे चाळीस वॅटचे शंभर रंगीत बल्ब चार हजार वॅट खायचे, त्या मानाने हे काहीच नाही. रोज पाच तास धरले तरी दहा दिवसांत पंधरा-अठरा युनिट. पण फसगत पुढे आहे. पाच व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे ६० अँपिअर! एवढा करंट बारीक तारेतून ओढला तर तार तापते, जोड वितळतो आणि टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसतात. पोरांना वाटते प्रोग्रॅम चुकला. चुकलेली असते ती तार. दर पन्नासएक दिव्यांनी जाड तारेने वीज पुन्हा द्यावी लागते, सगळ्या पुरवठ्यांचे मायनस एकत्र करावे लागते आणि कंट्रोलरपासून पहिल्या दिव्यापर्यंतची डाटाची तार आखूड ठेवावी लागते. लांबचा पल्ला असेल तर बारा व्होल्टचे दिवे बरे. उजेड चाळीस टक्क्यांवर ठेवा. डोळ्याला तेवढाच छान वाटतो आणि तारा थंड राहतात.

त्यात आपला मुळशीचा भाद्रपद. ताम्हिणीकडून सर आली की मांडवाचे चारही कोपरे गळतात. दिव्याचे पाच व्होल्ट माणसाला मारत नाहीत, पण पुरवठ्याच्या डब्यात येणारे २३० व्होल्ट मारतात. लोखंडी मांडव, ओली जमीन आणि अनवाणी पोरे. डबे जमिनीपासून वर, पत्र्याखाली, पण हवा खेळेल असे ठेवा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावल्याशिवाय चालू करू नका. आकडा टाकणे तर नकोच. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देते, आणि वीजचोरीला २००३ च्या कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो. तो अध्यक्षाच्या नावावर होतो, आकडा टाकणारा पसार असतो.

आणखी एक. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत देते, ते दिवस आधी विचारून घ्या. वेळापत्रकात दहानंतर गाण्याविना संथ फिरणारे दिवे ठेवले की पोलीस पाटलांशी वाद होत नाही.

बैठक साडेबाराला उठली. ठरले ते असे. लॅपटॉप जुना घ्यायचा, चालवायला रास्पबेरी पाय, दिवे हजारच, आणि कोटेशनमधल्या उरलेल्या रकमेतून पुरवठे, जाड तार, आरसीसीबी. अनंत चतुर्दशीनंतर लॅपटॉप दूध संस्थेच्या सचिवांकडे हिशेबाला जाईल आणि नारळी पौर्णिमेला परत येईल, असे इतिवृत्तात लिहून घेतले. तो कोणाच्या घरी जाणार नाही, यावर म्हातारबाबांनी दोनदा सही मागितली.

काम आयटीआय झालेल्या एका पोराने अंगावर घेतले. सॉफ्टवेअर ठेका आपोआप ओळखते असे ऐकले होते, पण ताशाच्या तर्रीत ते गोंधळले. शेवटी गाणे चालू ठेवून ठोक्याठोक्याला बटण दाबायचे ठरले. त्यासाठी पथकातला ताशावाला बोलावला. त्याला कॉम्प्युटर सुरू करता येत नाही, पण एक ठोका हुकला नाही. चार मिनिटांच्या गाण्यातली दोन मिनिटे नारळी पौर्णिमेपर्यंत बसली होती. बाकीची लावणी उरकल्यावर.