आधी पूर्वपक्ष!

वाद म्हटला की आपल्या अंगात वीरश्री संचारते. पण जरा बारकाईने पाहा! समोरचा गृहस्थ बोलत असतो तेव्हा आपण ऐकत थोडेच असतो? आपण आपले उत्तर जुळवीत असतो. शिवाय तो काय म्हणतो, यापेक्षा तो कोण, कुठला, हेच आपण आधी पाहतो आणि निकाल देऊन मोकळे होतो.

वसईचेच उदाहरण घ्या. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. गावे पेटून उठली. २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले.

वाडीवाल्याचे म्हणणे काय? पिढ्यान्‌पिढ्या जपलेली केळीची वाडी, गोड्या पाण्याची विहीर आणि हाकेच्या अंतरावरची ग्रामपंचायत, हे सारे शहराच्या पोटात जाणार, करही वाढणार. आणि नालासोपाऱ्याच्या चाळीतला माणूस काय म्हणतो? पाणी, गटारे, रस्ते गावाची शीव पाहून थांबत नाहीत. सर्वांचा कारभार एका हाती नको का? २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १२ लाखांवर गेली होती. इतक्यांनी प्यायचे काय?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण एक दुसऱ्याला ‘उपरा’ म्हणतो, दुसरा पहिल्याला ‘आडमुठा’. एकदा हे शिक्के बसले की कान बंद! जुलै २०१८ मध्ये वसईत पुराचे पाणी घरांत शिरले, गाड्या अडकल्या. असा पूर आला की एकाला त्यात बुजवलेले नाले दिसावेत, दुसऱ्याला अपुरे नियोजन. पाणी तेच, पण प्रत्येकाने आपल्या सोयीचा तांब्या भरून घ्यायचा! आपल्या बाजूचा पुरावा आपण डोळे मिटून घेतो आणि विरुद्ध पुराव्याची मात्र सोनाराच्या काट्यावर पारख करतो. पूर्वग्रह म्हणतात तो हाच. तो शेजाऱ्याचा चटकन दिसतो, स्वतःचा मात्र ‘अनुभव’ वाटतो.

यावर आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच तोड काढून ठेवली आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पुऱ्या बळानिशी सांगायचे; मगच त्याचे खंडन आणि आपला सिद्धान्त. घरच्या वादातही हे करून पाहा. समोरच्याचे म्हणणे असे मांडा की तो म्हणाला पाहिजे, “बरोबर, हेच मला सांगायचे होते!” मग स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी वाडीत जन्मलो असतो तर हेच बोललो असतो का? आणि त्याचे खरे ठरले तर माझे काय जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जीभ अडखळली, की समजावे, पूर्वग्रह तिथेच दडून बसला आहे.

ऐकणे म्हणजे शरण जाणे नव्हे. अन्याय दिसला तर भांडावेच. पण ज्याच्याशी भांडायचे त्याचे म्हणणे तरी पुरते ठाऊक हवे. दिवाळीच्या फराळाला नाना मतांची माणसे एकत्र येतील. चिवड्याची बशी पुढे करताना एक प्रश्नही पुढे करा: “तुमचे म्हणणे काय?” आणि उत्तर संपेपर्यंत आपण चकली खात राहा!