शाळेचे फोटो-व्हिडिओ सांभाळा : बदललेले नियम समजून घेऊ



2020 मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत भंडारा जिल्ह्यातही आपल्यापैकी कित्येकांनी मोबाईलवर पाठ रेकॉर्ड केले. ते बहुतेक गुगलवरच पडून आहेत. पण तेव्हाचे नियम आता राहिले नाहीत.

1) जागा : 1 जून 2021 पासून गुगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. आता जीमेल, ड्राईव्ह आणि फोटोज मिळून 15 जीबी मोफत मिळते. ती भरली की फोटो तर चढत नाहीतच, ईमेलही येणं थांबतं. म्हणून आधी मोठे व्हिडिओ आणि दोनदा आलेले फोटो काढून टाका.

2) खाते : 2 वर्षे न वापरलेलं खाते गुगल पुसून टाकू शकते. हा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे. शाळेच्या खात्याचा पासवर्ड बदली झालेल्या गुरुजींकडेच राहतो, हे आपल्याकडे नेहमीचंच! तो मुख्याध्यापकांकडेही असू द्या.

3) युट्यूब : फोन नंबरची पडताळणी केल्याशिवाय 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांना विचारा आणि व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवा. मग तो शोधात येत नाही, पण लिंक पुढे गेली तर कोणीही पाहू शकतो, हे लक्षात असू द्या.

आणि दर सत्राच्या शेवटी एक प्रत पेनड्राईव्हवर घ्याच. पाठ पुन्हा रेकॉर्ड करता येईल, पण पहिलीतल्या लेकराचं पहिलं वाचन पुन्हा मिळणार नाही.