मैत्रीची खतावणी

व्यापाऱ्याची पत त्याच्या ओळखींवर उभी असते, हे पेढीवर वाढलेल्या कोणासही समजावून सांगावयास नको. नवखा मनुष्य उधारीवर माल मागू लागला, तर भाव सांगण्यापूर्वी आपण त्यास विचारतो, “आपण कोणाकडचे? ह्या पेठेत आपणांस कोण ओळखते?” गतवर्षी आपल्या संघाची छापील सभासद-सूची संकेतस्थळावर आणण्यात आली, त्या वेळी तरुण सभासदांच्या आग्रहावरून प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या स्नेही पेढ्यांची यादी दिसावी, अशी सोय तीत केली गेली. फेसबुकवर एकमेकांस ‘मित्र’ म्हणून जोडून घेण्याची जी रीत आहे, तिचेच हे लहानसे रूप होय. परंतु अशा नोंदीची रचना कशी असावी, ह्याचा विचार आम्ही पुरेसा केला नाही. आणि त्याचे फळ आमच्याऐवजी एका ज्येष्ठ सभासदास भोगावे लागले.

ह्या सभासदांनी एका तरुण व्यापाऱ्याशी असलेला व्यवहार मिटवून त्याचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले होते. तरुणाच्या यादीत मात्र ज्येष्ठांचे नाव तसेच राहिले. परगावच्या एका अडत्याने ते नाव पाहिले, त्या भरवशावर माल उधार दिला, आणि रक्कम थकताच तो ज्येष्ठांच्या पेढीवर येऊन उभा राहिला. ज्येष्ठांनी आपली यादी दाखविली. अडत्याने दुसरी यादी दाखविली. दोघेही खरे बोलत होते. खोटी होती ती आम्ही बनविलेली वही.

ही चूक कशी घडली, हे समजण्यासाठी संगणकातील वही कशी असते ते पाहू. डेटाबेस म्हणजे आखलेल्या तक्त्यांचा संच. १९७० साली एडगर कॉड ह्या गणितज्ञाने मांडलेल्या पद्धतीवर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. तिचा एक साधा नियम असा की, एका चौकोनात एकच गोष्ट लिहावी. म्हणून सभासदाच्या नावापुढे त्याच्या सर्व मित्रांची नावे एकाच रकान्यात कोंबणे ही पहिली चूक ठरते. तसे केल्यास अमुक गृहस्थ कोणाकोणाच्या यादीत आहेत हे शोधण्यासाठी सारी वही चाळावी लागते. योग्य रीत अशी की, सभासदांचा तक्ता वेगळा ठेवावा आणि संबंधांचा वेगळा. संबंधांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीवर दोन सभासद-क्रमांक, विनंती कोणी केली, ती कोणत्या स्थितीत आहे आणि तारीख, एवढेच असावे.

आता खरा प्रश्न येतो. बारा क्रमांकाचे सभासद आणि सत्तावन्न क्रमांकाचे सभासद ह्यांची मैत्री एका ओळीत लिहावी की दोन? दोन ओळी लिहिल्या, एक बारांच्या पानावर आणि एक सत्तावन्नांच्या पानावर, तर प्रत्येकाची यादी झटकन वाचता येते. आम्ही हीच रीत घेतली होती. परंतु ह्या दोन ओळी एकदमच लिहिल्या गेल्या पाहिजेत व एकदमच काढल्या गेल्या पाहिजेत, असे बंधन घालावयास आम्ही विसरलो. जमाखर्चात जमेची बाजू लिहून नावेची बाजू सोडून दिली तर तेरीज जुळत नाही आणि दिवाणजींच्या ध्यानात चूक तत्काळ येते. मैत्रीच्या वहीला असा ताळा आपोआप लागत नाही. अर्धी नोंद पुसली तरी ती बिनबोभाट चालू राहते.

मोठ्या संकेतस्थळांपुढे हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर उभी राहते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेसबुकच्या ७२ कोटी १० लाख सक्रिय सभासदांमधील सुमारे ६९ अब्ज मैत्री-संबंध तपासले गेले. प्रत्येक संबंधाला दोन टोके असल्यामुळे १३८ अब्जांस सभासदसंख्येने भागिले, तर माणशी सुमारे १९० मित्र येतात. कोणत्याही दोन सभासदांमधील सरासरी अंतर ४.७४ टप्प्यांचे निघाले. म्हणजे मध्ये सरासरी चारांहूनही कमी माणसे! एवढी वही एका यंत्रावर मावत नाही, म्हणून सभासद अनेक यंत्रांवर वाटून ठेवावे लागतात. मग एका मित्राचे पान एका यंत्रावर आणि दुसऱ्याचे दुसऱ्याच यंत्रावर पडते. दोन्ही ओळी एका क्षणी लिहिल्या जातील, ह्याची हमी तेथे महाग पडते.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली ‘टाओ’ नावाच्या आपल्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की, संबंधाची सरळ नोंद व तिची उलट नोंद ह्या दोन्ही एकत्रच होतील अशी खात्री ही रचना देत नाही. मध्येच बिघाड झाला तर एक नोंद लोंबकळत राहू शकते, आणि अशा नोंदी मागाहून दुरुस्त करणारे काम पाठीमागे चालते. आपल्या भाषेत ही खाते मिळवणी झाली. वर्षअखेरीस दोन पेढ्या एकमेकींस खातेउतारे धाडून फरक काढतात, तसेच हे आहे. एवढ्या मोठ्या कारभारास ही तडजोड शोभते. परंतु मिळवणी होईपर्यंतच्या काळात वही चुकीचे बोलत असते, हेही विसरता येत नाही.

आपल्या संघास ही तडजोड करण्याचे कारणच नाही. सहाशे सभासद धरले आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी मैत्री मानली, तरी जोड्या होतात १,७९,७००. एक साधा संगणक हे ओझे सहज वाहतो. म्हणून कार्यकारिणीस आम्ही असे सुचविले की, मैत्री एकच असल्यामुळे तिची ओळही एकच असावी. लहान क्रमांक नेहमी आधी लिहावा आणि त्याच जोडीची दुसरी ओळ वहीने स्वीकारूच नये. त्यायोगे ‘१२ व ५७’ आणि ‘५७ व १२’ अशा दोन नोंदी कधीच होणार नाहीत. दोघांनी एकाच वेळी परस्परांस विनंती केली, तर दुसरी विनंती हीच पहिलीची स्वीकृती समजावी. कोणाचीही यादी काढताना दोन्ही रकाने पाहावे लागतील; परंतु दोन्ही रकान्यांस सूची जोडली म्हणजे ते काम क्षणाचे होते. ओळ एकदा काढली की ती दोन्ही पानांवरून गेलीच.

मात्र सर्वच संबंध दुतर्फी नसतात. पूर्वी ट्विटर आणि २०२३ पासून एक्स ह्या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळावर एकजण दुसऱ्याचे लेखन वाचण्यासाठी त्याच्यामागे जातो. दुसऱ्याने त्याच्यामागे जावे असे नाही. तेथे बाणासारखी एकतर्फी नोंदच योग्य होय. तसेच कोणी कोणास आपल्या पानावर येण्यास मज्जाव केला, तर तोही एकतर्फी असतो. दोघांनीही परस्परांस मज्जाव केलेला असू शकतो. हे मैत्रीच्या एकाच ओळीत मावत नाही. म्हणून मज्जावाचा तक्ता वेगळा ठेवावा, असेही आम्ही सुचविले आहे.

राहता राहिला प्रश्न तुटलेल्या संबंधांचा. जुनी नोंद जपून ठेवावी, असे व्यापारी मनास वाटते. वही फाडणे आपल्या अंगवळणी नाही. परंतु पैशाची नोंद आणि माणसाच्या नात्याची नोंद ह्यांत अंतर आहे. वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यातही मांडला आहे. ज्यांना त्रास झाला त्या ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस रागाने काही सुनावले नाही. ते एवढेच म्हणाले, “नाव घालताना तुम्ही दोघांची संमती घेतलीत, ते बरे केलेत. पण काढताना एकाचा शब्द पुरा पडला पाहिजे.” ह्या वाक्यात सारी रचना आली. संबंध जोडावयास दोघे लागतात. तोडावयास एक पुरतो. वहीने हे दोन्ही तितक्याच चोखपणे पाळले पाहिजे.

नवी रचना आता लिहून तयार आहे. जुन्या वहीतील प्रत्येक जोडी तपासून, ज्या नोंदी एकाच बाजूस आढळल्या त्या नव्या वहीत आणलेल्या नाहीत. काही खऱ्या मैत्रीही त्यात गळाल्या असतील. त्यांनी पुन्हा विनंती करावी. येत्या लक्ष्मीपूजनास नवी वही उघडण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपली यादी एकवार डोळ्यांखालून घालावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्याच्या नावावर कोणी माल देईल, तो आपणांस खरोखर आपला वाटतो काय, एवढेच पाहावयाचे आहे.