पोटात नंबर घेऊन निघालेला मासा

बॉनव्हिल धरणावर पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या मंडळींनी काचेपलीकडे मत्स्यशिडी चढणारे सामन मासे पाहिले असतीलच. त्यांतल्या काहींच्या पोटात शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढी, १२ मिलिमीटर लांबीची काचेची कुपी असते. आत एक चिप व तारेचे वेटोळे, बॅटरी नाही. मासा अँटेनातून गेला की तिच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला शक्ती मिळते आणि ती आपला नंबर सांगते. कुत्र्यामांजरांच्या कातडीखाली घालतात तीच ही युक्ती. त्यामुळे मासा समुद्रात दोन-तीन वर्षे काढून परतला, तरी त्याची ओळख पटते.

कोलंबिया नदीच्या खोऱ्यात हे टॅग १९८७ पासून वापरात आहेत. त्याआधीपासूनची पद्धत म्हणजे नाकाडात खुपसलेला तारेचा बारीक तुकडा. तो स्वस्त म्हणून अजूनही वापरतात. पण वाचायचा तर मासा मारावा लागतो!

१९९२ साली आयडाहोतल्या रेडफिश सरोवरात समुद्रातून एकच सॉकाय सामन परतला, तोही नर. अशा उरल्यासुरल्या माशांची प्रजा ईगल येथील मत्स्यबीज केंद्रात वाढवली जाते. तिथे टॅगच्या नंबरावरून वंशावळ पाहून जोड्या ठरवतात. सगोत्र विवाह टाळायचा, एवढाच हेतू.

केंद्रातून पिल्ले सोडताना मात्र गर्दी नडते. दोन टॅग एकदम अँटेनात आले तर दोघे एकाच वेळी बोलतात आणि एकाचेही ऐकू येत नाही. म्हणून एकामागे एक अनेक अँटेना लावतात.

शिवाय न दिसलेला मासा मेलाच असे नव्हे. समजा, खालच्या धरणावर १०० टॅगवाले मासे दिसले आणि त्यांतले ८० वरच्या धरणावरही दिसले होते. म्हणजे वरची अँटेना शंभरातले ऐंशी पकडते. तिने एकूण ४०० मोजले असतील, तर प्रत्यक्षात सुमारे ५०० गेले असावेत. सोडलेल्या पिल्लांपैकी तिथवर किती जगली, हे या आकड्यावरून ठरते. मला तर अँटेनापेक्षा हा हिशेबच जास्त आवडतो.

सांडव्यावरून जाणाऱ्या पिल्लांना पकडणे सर्वांत अवघड, कारण पाण्याचा वेग प्रचंड. स्नेक नदीवरच्या लोअर ग्रॅनाइट धरणाच्या सांडव्यावर अँटेना बसायला २०२० साल उजाडले.