पर्थची मेरी, मुंबईची नादिया आणि वडशाचे आपण

होस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावा, कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर कोरियन गाणं सुरू असतंच. पण गंमत बघा मित्रांनो, ही गाणी गाणारे सगळेच काही कोरियात जन्मलेले नाहीत. 'ब्लॅकपिंक'ची रोझे १९९७ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला जन्मली आणि वाढली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला. घर कोरियन, शाळा इंग्रजी. २०१२ मध्ये तिने सिडनीत ऑडिशन दिली, सोलमध्ये चार वर्षं घाम गाळला आणि २०१६ मध्ये ती स्टेजवर आली. २०२४ मध्ये तिने कोरियन पार्टीतला एक खेळ इंग्रजी पॉपमध्ये मिसळून जगभर गाजवला. दोन घरचं पाणी प्यायल्याशिवाय हे सुचलं असतं का?

आपल्याला वाटतं ही नवी फॅशन आहे. पण आपल्या मुंबईत हे १९३५ मध्येच होऊन गेलंय!

मेरी इव्हान्स १९०८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जन्मली. वडील स्कॉटिश, आई ग्रीक. वडील सैन्यात असल्यामुळे लहानपणीच ती मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील गेले आणि मायलेकी पेशावरकडे राहायला गेल्या. तिथे मेरी घोडेस्वारी, शिकार, नेमबाजी शिकली. १९२८ मध्ये मुंबईला परतल्यावर एका रशियन बाईंकडे बॅले शिकली, पुढे सर्कसमध्येही काम केलं. मग वाडिया बंधूंनी तिला सिनेमात घेतलं. 'हंटरवाली' आला आणि मेरीची 'फिअरलेस नादिया' झाली.

आता थोडा विचार करा. सोनेरी केसांची, अडखळत हिंदी बोलणारी ही बाई लोकांना आवडली कशी? वाडियांनी आधी तिला हिंदू नाव आणि काळ्या वेणीचा टोप सुचवला होता. तिने साफ नकार दिला. हिंदीचा सराव मात्र मन लावून केला. पेशावरचा घोडा, सर्कशीतली उडी, बॅलेचा तोल हे सगळं पडद्यावर कामाला आलं. म्हणजे जे शिकायला हवं ते ती शिकली, पण जे होतं ते पुसलं नाही.

मेटलर्जीच्या भाषेत सांगायचं तर हा मिश्रधातू! शुद्ध लोखंड मऊ असतं, जरासा कार्बन मिसळला की पोलाद होतं. साधारण साडेदहा टक्के क्रोमियम पडलं की स्टेनलेस. मिसळ म्हणजे भेसळ नव्हे.

आणि आपलं वडसा? इथे झाडीबोली, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, बंगाली एकाच बाजारात ऐकू येतात. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ऑफिसं इथेच आहेत. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकांत पुण्या-मुंबईचे कलाकार आपल्या गावच्या कलाकारांसोबत उभे राहतात, आणि झाडीबोलीतल्या विनोदाला मंडप डोक्यावर घेतला जातो.

मग त्याच मंडपात वाढलेला पोरगा कॉलेजात आला की तोंड का बरं मिटतो? झाडीबोलीत 'ण' नाही, म्हणून तो 'पानी' म्हणतो. मागचा बेंच हसतो आणि पुढच्या सेमिनारला तो उभाच राहत नाही. त्याला सर्किट येत असतं हो, पण ते कोणाला कळतच नाही. नुकसान कोणाचं?

इंग्रजी शिकूया, प्रमाण मराठीही शिकूया. नादियाने हिंदी घोटलीच ना! पण घरची बोली वडसा स्टेशनवर सोडून गाडीत बसायचं काही कारण नाही. आणि पुढच्या वेळी कोणी 'पानी' म्हणालं, तर हसण्याआधी त्याचं सर्किट तरी बघा!