गाडीमागचे घर : ऑर्डर देणारे गिऱ्हाईक काय मागते?

ऑर्डरचे काम आपल्या कारागिरांना नवे नाही. ट्रकची बॉडी असो, दुकानाचे फर्निचर असो की लग्नाचा पलंग, गिऱ्हाईक येते, मापे सांगते, बयाणा देते आणि जाते. पण त्या मापांच्या मागे त्याची नेमकी गरज काय, हे आपल्यापैकी किती जण खोदून विचारतात? या दृष्टीने अमेरिकेतील एका धंद्याची माहिती आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा धंदा आहे ट्रॅव्हल ट्रेलरचा. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीच्या किंवा पिकअपच्या मागे जोडून ओढून न्यायचे चाकांवरचे घर. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-न्हाणी, पाण्याच्या टाक्या असे सारे त्यात असते. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट शहर व त्याचा परिसर हे या धंद्याचे माहेरघर. उत्तर अमेरिकेतील अशा गाड्यांपैकी बहुतेक तिकडेच तयार होतात. गंमत अशी की तेथील कारखान्यांत आमिश पंथाचे कारागीर मोठ्या संख्येने काम करतात आणि हे लोक स्वतः मोटार बाळगत नाहीत.

करोनाच्या काळात लोकांनी विमान व हॉटेल टाळले आणि या धंद्याला उधाण आले. 2021 साली सर्व प्रकारची मिळून 6 लाख वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. 2023 साली हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. तेजीत घाईघाईने केलेल्या कामाच्या तक्रारी मागाहून बऱ्याच झाल्या. अमेरिकेत असा ट्रेलर बहुधा दहा ते वीस वर्षांच्या कर्जावर घेतात. तिसऱ्या वर्षी छप्पर गळू लागले तरी हप्ता चुकत नाही. म्हणून दुसऱ्यांदा ऑर्डर देणारे गिऱ्हाईक रंग आणि पडदे पाहत बसत नाही. ते काय विचारते ते पाहू.

पहिला प्रश्न वजनाचा. समजा, ट्रेलरचे जास्तीत जास्त मान्य वजन 3,400 किलो आहे आणि रिकामे वजन 2,700 किलो. म्हणजे सामानासाठी 700 किलो उरले. त्यात 150 लिटर पाणी भरले की 150 किलो तेथेच गेले. मग गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, कपडे, सायकली. दुसरा एअर कंडिशनर बसवला तर त्याचेही वजन यातूनच वजा होते. शिवाय एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडावर यावा लागतो. तो कमी पडला तर धावताना ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. फार झाला तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग दबतो आणि स्टिअरिंग हलके पडते. दोन्हीकडे जिवाला धोका. म्हणून जाणकार गिऱ्हाईक गरजेपेक्षा थोडे जास्त वजन पेलणारे ॲक्सल व टायर मागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ट्रेलरचा खरा शत्रू रस्ता नव्हे, गळती. छपराच्या कडा, झरोके आणि दिवे यांच्या भोवतीचे सील सुटले की पाणी भिंतीत शिरते. लाकडी सांगाडा कुजतो, चिकटवलेले थर फुगून सुटतात. बाहेरून डाग दिसेपर्यंत आतले नुकसान झालेले असते. म्हणून अखंड छप्पर, कमीत कमी भोके, पुरेसा उतार आणि पाणी भिंतीपासून दूर टाकणारी पन्हाळ यांची मागणी होते.

तिसरा प्रश्न विजेचा. तेथे 120 व्होल्टची वीज असते. 30 अँपिअरच्या जोडणीवर फार तर 3,600 वॅट मिळतात. एअर कंडिशनर चालू असताना मायक्रोवेव्ह आणि किटली लावली की वीज तुटते. म्हणून मोठ्या ट्रेलरला 50 अँपिअरची जोडणी मागतात. रानावनात राहणारे लोक लिथियम बॅटरी व सौर तक्ते मागतात. आज ऐपत नसली तरी वायर आधीच टाकून घेतात, म्हणजे उद्या छपराला भोक पाडावे लागत नाही.

चौथा प्रश्न राहणीचा. 'क्वीन' म्हणून दिलेला पलंग अनेकदा 80 इंचांऐवजी 75 इंचच लांब असतो. उंच माणसाचे पाय बाहेर येतात! बाहेर सरकणारी खोली आत घेतल्यावर संडास आणि फ्रिजपर्यंत पोहोचता येते का, हेही विचारतात. रस्त्यात थांबल्यावर त्याचीच गरज पडते.

शेवटी ताबा. शहाणे गिऱ्हाईक टाक्या भरून, नळ सोडून, सर्व यंत्रे चालवून पाहते, दोषांची यादी लिहून घेते आणि मगच शेवटची रक्कम देते.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाडीच्या आतले सुतारकाम, गादीकाम, पत्र्याचे व विजेचे काम करणारे हात आपल्याकडे आहेत. मात्र नोंदणी झालेल्या वाहनात आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कारागीर बंधूंना आमची एवढीच सूचना आहे. बयाणा घेण्यापूर्वी विचारा : वजन किती पडेल, पाणी कुठून शिरेल, वीज किती लागेल, वापरणारा कोण? उत्तरे कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. काम हाती देताना तोच कागद पुढे ठेवून एकेक गोष्ट दाखवा. तंटा टळेल, पैसा अडकणार नाही आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन तुमच्या दुकानी येईल.